खोट्या दारावरची टकटक

या, सगळे इकडे फायरप्लेससमोर या. छत नंतर बघू. छत कुठे जात नाही, आणि मान तर आपली सकाळपासून दुखतेच आहे. आधी ही दोन दारं बघा, एक डावीकडे, एक उजवीकडे. दोन्हींची उंची तीच, वेलबुट्टी तीच. वर फुलांची माळ धरून बसलेली गुबगुबीत बाळंही तीच. डावं दार उघडतं. उजवं उघडत नाही, कारण ते दारच नाही. लाकडाचा नुसता देखावा आहे. व्हारमोंच्या या राजवाड्यात अशी खोटी दारं बरीच आहेत. इथल्या राजाला सगळं जोडीनं लागायचं. इकडे आरसा तर तिकडे आरसा, इकडे खिडकी तर तिकडे खिडकी, मग ती नुसती रंगवलेली का असेना. आपण घरी दोन फोटो शेजारी शेजारी लावले तर एक वाकडा लागतोच आणि दिवाळीपर्यंत तसाच राहतो. तसलं इथे चालत नव्हतं.

आता खोट्या दारावर, छातीच्या उंचीला, तो तांबडा डाग दिसतोय? सगळं दार सोन्यानं मढवलेलं आणि तेवढंच सोनं उडालेलं. बघणाऱ्याला हटकून रक्त वाटतं. रक्त नाही ते. सोन्याचा वर्ख चढवण्याआधी लाकडावर तांबड्या मातीचा हात देतात, ती माती आहे. तिथेच सोनं का टिकत नाही, ते इथले पहारेकरी सांगतात. त्यांच्या आज्यापणज्यांपासून सांगत आलेत म्हणे.

असं सांगतात, की हा दिवाणखाना सजत होता तेव्हा वर्खाचं काम पेरीन नावाच्या बाईकडे होतं. काम बापाचं. बाप वारला, मुलगा नव्हता, आणि कारागिरांच्या पंचायतीला दुकान बाईच्या नावावर करायचं नव्हतं. शेवटी पंच म्हणाले, राजाला हा दिवाणखाना पसंत पडू दे, दुकान तुझं. नाही पडला तर दुकानाला कुलूप.

मिठाईवरचा वर्ख आपण बघतो. हा सोन्याचा त्याहून पातळ. पेरीन खारीच्या केसांचा चपटा कुंचला स्वतःच्या गालावर फिरवायची, गालाच्या तेलकटपणाला वर्ख चिकटायचा, आणि श्वास रोखून ती तो लाकडावर टेकवायची. कोणी शिंकलं, कोणी दार उघडलं, की गेलाच तो. एकदा एका नोकरानं जेवायला बोलवायला दार उघडलं आणि अख्खी थप्पी उडून वरच्या बाळांच्या नाकाला जाऊन चिकटली. त्या दिवसापासून पेरीननं नियम केला. आपण आत असलो की खिडक्यांच्या फटीत चिंध्या कोंबायच्या, दाराला बाहेरून कडी घालायची, आणि चर्चची संध्याकाळची घंटा होईपर्यंत कोणी कितीही ठोकलं तरी उघडायचं नाही. दाराबाहेर झेर्वे नावाचा पहारेकरी बसवला होता. तो नियम पाळतो की नाही हे बघायला तिनं एकदा आतून "आग! आग!" म्हणून ओरडूनही पाहिलं. झेर्वे हलला नाही. तिनं त्याला शाबासकी दिली.

राजा ज्या संध्याकाळी यायचा होता, त्या सकाळी फक्त खोटं दार उरलं होतं. पेरीननं हात लावून पाहिला तर लाकूड दमट. दारामागे फळ्या आणि चुन्याचा पातळ थर होता, त्यामागे जुन्या जिन्याची अरुंद पोकळी. चुना अजून सुकला नव्हता. तिनं गवंडी ल्युबांला बोलावलं. दोघांचं कधी पटायचं नाही.

"मागे ओल आहे. माझं सोनं धरणार नाही," ती म्हणाली.

"तुझं सोनं, तुझा वारा, तुझी ओल. राजवाडा तुझ्यासाठीच बांधतोय ना राजा!"

"पलीकडच्या भोकातून पोकळीत शिरून निखारे ठेव. दुपारपर्यंत कोरडं पाहिजे."

"ठेवतो बाईसाहेब. वर दोन अंडी उकडून आणू का?"

तो गेला. बाहेरून कडी पडली. दुपारी लाकूड छान ऊबदार लागलं आणि पेरीन कामाला लागली. वरची बाळं झाली, माळ झाली, पानं झाली. दाराचा मधला भाग तेवढा राहिला. लांब फाटकापाशी ढोल वाजायला लागले होते. सगळा राजवाडा राजाला बघायला तिकडे धावला होता.

आणि टकटक झाली.

पेरीनच्या कुंचल्यावर वर्ख होता. ती वळलीसुद्धा नाही. जन्मभराची सवय. टकटक झाली की उत्तर द्यायचं नाही, श्वास सोडायचा नाही. वर्ख टेकवला, दुसरा उचलला. पुन्हा टकटक. आता मात्र झेर्वेला चांगलं फैलावर घ्यायचं असं तिनं मनात ठरवलं. तेवढ्यात तिच्या नाकासमोर, नुकताच लावलेला वर्ख थरथरला.

टकटक डाव्या दारावर होत नव्हती. जे दारच नाही, त्याच्या आतून होत होती.

"ल्युबां?"

"भोक बुजवलं गं..." आतून खोकला आला. "मी आत असताना. निखाऱ्यांचा धूर कोंडलाय."

"विझव ते!"

"कशानं? थुंकू?" पुन्हा खोकला. मग म्हणाला, "सुकलं का बघ आता तुझं."

झालं असं होतं, की पोकळीत शिरायचं भोक ज्या बाजूला होतं, त्याच बाजूच्या नव्या जिन्यानं राजा वर येणार होता. म्हणून मुकादमानं घाई केली आणि ल्युबांच्याच माणसांनी, निखारे ढवळायला पुन्हा आत गेलेला तो बाहेर पडला असं समजून, भोकाला दगड लावले आणि तीही फाटकाकडे पळाली. पेरीनला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती डाव्या दाराकडे धावली आणि दोन्ही मुठींनी दार बडवायला लागली.

"झेर्वे! उघड! माणूस मरतोय आत!"

बाहेरून शांत आवाज आला, "घंटा होऊ दे, बाई."

"अरे खरंच मरतोय! ल्युबां भिंतीत अडकलाय!"

"मागच्या वेळी आग लागली होती, आज माणूस अडकलाय," झेर्वे हसत म्हणाला. "मी काय आज आलोय कामाला? नाही उघडणार."

तिनं शिव्या दिल्या, गयावया केली. तिचा जीव तुटत होता आणि त्याला वाटत होतं की परीक्षा या वेळी जरा जास्तच कडक आहे. एका दारावर ती ठोकत होती, दुसऱ्यावर ल्युबां. दोन्ही दारं सारखीच बंद. राजाला हवी होती तशी, अगदी जोडीनं.

मग उजवीकडची टकटक सावकाश झाली. एक टकटक, मग बराच वेळ काही नाही, मग नख ओढल्यासारखं काहीतरी.

पेरीन दिवाणखान्याच्या मधोमध उभी राहिली. समोर तिचं सोनं होतं, बापाच्या हातच्या कामाहून सरस. एवढा मधला भाग झाला की दुकान तिचं. ढोल जवळ येत होते. ती तिथे किती वेळ उभी होती ते पहारेकरी सांगत नाहीत.

मग तिनं फायरप्लेसमधली लोखंडी सळई उचलली आणि दाराच्या मधोमध घातली.

लाकूड फुटलं, फळ्या मोडल्या, चुन्याचे पोपडे पडले, आणि भोकातून उष्ण, जड हवेचा लोट बाहेर आला. तिनं ल्युबांला काखेत धरून ओढून बाहेर काढलं. ओठ निळे, मान लुळी. तिनं त्याच्या थोबाडीत मारली. काही नाही. सळई फेकून खिडकीची काच फोडली. वारा आत घुसला आणि थप्पीतला उरलासुरला वर्ख दिवाणखानाभर उडाला. जन्मभर श्वास रोखून धरणारी ती बाई गुडघ्यावर बसली आणि त्याच्या तोंडात श्वास फुंकायला लागली.

घंटा झाली. झेर्वेनं कडी काढली आणि राजाला वाट दिली.

राजानं डावं दार पाहिलं. उजवीकडचं भगदाड पाहिलं. खाली चुन्यानं माखलेल्या बाईकडे आणि माणसाकडे त्याची नजरही गेली नाही. अंगरख्यावर उडून बसलेला वर्ख त्यानं बोटानं झटकला आणि मुकादमाला म्हणाला, "दोन्ही सारखी दिसली पाहिजेत." एवढंच, आणि निघून गेला. पाठोपाठ सगळे गेले. झेर्वे तेवढा दारात उभा राहिला, कडीवरचा हात तसाच.

मग ल्युबां खोकला. खोकून खोकून उठून बसला, आधी भगदाडाकडे बघितलं, मग तिच्याकडे.

पंचायतीनं दुकानाला कुलूप लावलं. खोट्या दारावर दुसऱ्या कारागिरानं सोनं चढवलं आणि दोन्ही दारं सारखी दिसायला लागली. पेरीननं पुन्हा वर्खाला हात लावला नाही. ती ल्युबांबरोबर राजवाड्यातच चुना कालवायला लागली. "पातळ झालाय," तो म्हणायचा. "तुझ्या डोक्यापेक्षा घट्ट आहे," ती म्हणायची. पण रोज संध्याकाळी, काम आटोपलं की ती इथे यायची. झेर्वे न विचारता दार उघडायचा. ती या खोट्या दारावर टकटक करायची, कान लावून ऐकायची, आणि मगच घरी जायची. ती थकली, येईनाशी झाली, तेव्हा झेर्वे स्वतः ते करायला लागला. त्यानं पुढच्याला शिकवलं, त्यानं त्याच्या पुढच्याला. बोटांच्या पेरांनी तिथलं सोनं झिजलं. डागडुजी करणारे येतात, नवा वर्ख चढवतात, काही वर्षांत माती पुन्हा वर येते.

आजही, आपल्यासारखे शेवटचे पाहुणे गेले, दिवे मालवायची वेळ झाली, की पहारेकरी इथे येतो, टकटक करतो आणि दाराला कान लावतो. नवा कोणी असला की त्याला हसू येतं. साहजिक आहे. मागे कोणी नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. तो जुन्याला विचारतो, "किती वेळ ऐकायचं?"

जुना म्हणतो, "आत तुझं माणूस असतं तर किती वेळ ऐकलं असतंस? तेवढा."