गाडीनं ओळख दिली नाही

“…मग तुम्हीच सांगा बुवा, आणखी काय करायचं ठेवलंय मी?”

मायाप्पा उभ्याउभ्याच विचारत होता. बसायला त्याला सवड कुठली!

जकाप्पाबुवा बिरोबाच्या देवळाच्या पायरीवर बसून लोकरीचं सूत मोकळं करत होते. एवढंसं देऊळ, भोवती उघडा माळ, आणि खाली कच्च्या रस्त्यावर मायाप्पाची पांढरी गाडी. गाडीत मागच्या सीटवर अकरा वर्षांची एक पोर मांडीवर बॅग घेऊन बसली होती आणि खिडकीतून माळ बघत होती.

ही रेणू. मायाप्पाची म्हणावी तर मायाप्पाची, नाही म्हणावी तर नाही. तिचा बाप ती रांगत होती तेव्हाच गेला. पुढं तिच्या आईशी, महादेवीशी, मायाप्पानं लग्न केलं. संसार बरा चालला होता. गेल्या थंडीत महादेवीला कावीळ झाली, आणि तीही गेली. घरात उरली दोन माणसं. रक्ताचं नातं म्हणाल, तर दोघांत टिपूसभर नाही.

“सायकल आणली,” मायाप्पा सांगत होता. “तिच्या खोलीला गुलाबी रंग दिला. शाळेत मीच सोडतो, मीच आणतो. रोज खाऊ. तोंड जरा उतरलं की आईस्क्रीम. सर्कस दाखवली. आणि रोज विचारतो, बाळ, काय पाहिजे तुला? काय झालं? बोल की माझ्याशी… पण बोलायचं नाव नको! एकदा ‘बाबा’ म्हणून हाक मारील तर शपथ. भिंतीशी बोलावं तसं चाललंय माझं.”

“मग?”

“मग काय? मामाकडं सोडून येतो आटपाडीला. कायमची. तो रक्ताचा माणूस. त्याला तरी ओळखंल ती.”

बुवा सुतातली एक गाठ सोडवत राहिले.

मायाप्पा बुवांचा जुना चेला. पोरवयात त्यांच्या मागं मेंढरं राखली, ढोलावर हात बसवला, ओव्या पाठ केल्या. नंतर गाड्यांच्या वायरिंगच्या कामात शिरला आणि बघता बघता नाव काढलं. गाडीचे दिवे लागेनात, हॉर्न वाजेना, की आणा मायाप्पाकडं. “बंद पडलेली वस्तू माझ्या हाताखाली आली की तिला चालू व्हावंच लागतं,” असं तो चारचौघांत सांगायचा, आणि त्यात खोटं काही नव्हतं. ही एक पोर तेवढी त्याच्या हाताला दाद देत नव्हती.

ते त्याला फार लागलं होतं. आणि खरं सांगायचं तर नुसतं लागलं नव्हतं. त्याचा जीव होता तिच्यावर. म्हणून तर निघता निघता इथं थांबला होता. बुवांनी “जा” म्हटलं असतं, तर मनावरचं ओझं निम्मं तरी उतरलं असतं.

बुवा “जा” म्हणेनात, “नको”ही म्हणेनात.

“येतो,” म्हणून मायाप्पा तरातरा खाली उतरला. गाडीत बसला. किल्ली फिरवली.

घुर्रर्र… आणि गप्प.

परत फिरवली. घुर्रर्र… गप्प. समोर कुलपाचं चित्र असलेला तांबडा दिवा मिचमिच करायला लागला.

मायाप्पानं आणखी चार वेळा फिरवून बघितली. मग स्टिअरिंगवर हात आपटला.

बुवा सुताची लड खांद्यावर टाकून सावकाश खाली आले. “काय झालं रं?”

“काय व्हायचंय? चोर समजतीय मला.”

“कोण, पोरगी?”

“गाडी हो!”

मागच्या सीटवर रेणूनं मान वळवली, आणि परत माळाकडं बघायला लागली.

“गाडीला कसं कळतं, कोण चोर आन् कोण साव?”

“किल्लीच्या पोटात बारकी चिप असती, बुवा. किल्ली लावली की गाडी आधी ती चिप वाचती. ओळख पटली तरच चालू होती. दुसऱ्या गाडीची चिप पुढं आली, की हलत नाही.”

“मग ही किल्ली तुझ्या गाडीची न्हाई व्हय?”

“म्हणजे काय! माझ्याच—”

मायाप्पानं किल्लीकडं बघितलं आणि जीभ चावली. किल्ली त्याचीच होती. पण तिच्यासोबत त्याच कडीत गिऱ्हाइकांच्या किल्ल्यांचा घोसच्या घोस लोंबत होता. दुरुस्तीला आलेल्या गाड्यांच्या किल्ल्या हरवू नयेत म्हणून तो सगळ्या एकाच कडीत अडकवून कमरेला लावायचा. त्यांच्याही पोटात चिपा. आपलीच किल्ली फिरवताना घोसातली दुसरीच कुठली तरी किल्ली भोकाजवळ जाऊन बसली असणार, आणि गाडीनं तिची चिप वाचली असणार. ‘चिपची किल्ली एकटी ठेवा, एकटी!’ असं गिऱ्हाइकांवर ओरडणारा हाच शहाणा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

त्यानं चटकन आपली किल्ली कडीतून सोडवली. बाकीचा घोस लांब दगडावर भिरकावला. किल्ली फिरवली.

घुर्रर्र… गप्प. दिवा आता मिचमिचतही नव्हता. टक्क डोळा उघडून बसला होता.

“आता का?” बुवांनी विचारलं.

“आता रुसली. लई वेळा चुकीचं झालं, की तिला वाटतं कोणीतरी किल्ल्या बदलून बदलून बघतंय. मग खरी किल्ली लावली तरी विश्वास ठेवत नाही. माझं मशीन असतं तर समजूत घातली असती तिची. ते राहिलं दुकानात.”

“मशीन न्हाई म्हणजे उपाय न्हाई?”

“आहे की. किल्ली अर्धी फिरवून चालूवर ठेवायची आणि हात काढून घ्यायचा. पंधरा-वीस मिनिटं बिलकूल हात लावायचा नाही. दिवा आपोआप विझतो. पण मधे किल्ली फिरवली, की पहिल्यापासून.”

“सोपं हाय की!”

“सोपंच आहे. गिऱ्हाइकाला मी म्हणतो, जा, चहा पिऊन ये.”

इथं माळावर चहाचं हॉटेल नव्हतं, आणि मायाप्पाच्या अंगात थांबणं नव्हतं. त्यानं किल्ली चालूवर ठेवली. बोटं स्टिअरिंगवर वाजवली. आरसा पुसला. काच वर केली, खाली केली. मामाला फोन लावून बघितला, माळावर रेंज नव्हती. दिवा जरा मंद झाल्यासारखा वाटला… झालाच असेल… त्यानं किल्ली फिरवली.

घुर्रर्र… गप्प.

“पहिल्यापासून,” मागून बारीक आवाज आला.

मायाप्पा गर्रकन वळला. “काय म्हणालीस? बाळ, काय म्हणालीस? परत म्हण की! मी ऐकतोय, बोल ना…”

रेणूनं ओठ मिटून घेतले.

बुवा हसले. पण हसू लगेच आवरलं त्यांनी, कारण मायाप्पाचा चेहरा बघवत नव्हता. एवढा थोराड गडी, पण डोळ्यांत पाणी तरारलं होतं, आणि त्याचा हात परत किल्लीकडं चालला होता.

“मायाप्पा.”

“काय?”

“पाय भाईर काढून बस. हात पुढं कर.”

“कशाला?”

“कर म्हंतो ना.”

मायाप्पा दार उघडून पाय बाहेर सोडून बसला. दोन्ही हात पुढं केले. बुवांनी खांद्यावरची लड काढली आणि त्याच्या दोन्ही मनगटांवर नीट चढवली. काळ्या लोकरीचं सूत, मेंढराच्या अंगाचा वास अजून त्याला येत होता.

“पोरी, उतर खाली. हे टोक धर. गुंडाळून गुंडा कर ह्याचा.”

रेणू उतरली. क्षणभर घुटमळली. मग सुताचं टोक धरून मायाप्पाच्या समोर उभी राहिली आणि गुंडाळायला लागली. बुवा बाजूच्या दगडावर टेकले.

सूत एका हातावरून सुटायचं, मग दुसऱ्यावरून. मायाप्पाच्या हातांना काही स्वस्थता नव्हती. लड एकदम आवळली.

“हात वर धरा,” रेणू म्हणाली.

त्यानं वर धरले.

“हलवू नका.”

तो हलला नाही. काहीतरी विचारावं म्हणून त्यानं तोंड उघडलं…

“सूत तुटंल,” बुवा म्हणाले.

त्यानं तोंड मिटलं.

…

लांब कुठं तरी मेंढरं ओरडत होती. गुंडा लिंबाएवढा झाला.

“आई स्वेटर विणायची ना,” रेणू सुताकडं बघत म्हणाली, “तेव्हा मला असेच हात धरायला लावायची. मला कंटाळा यायचा. मी म्हणायचे, हात दुखले. खरं तर दुखायचे नाहीत.”

मायाप्पाला हे ठाऊकच नव्हतं. उद्याच्या उद्या लोकर आणतो, रंगीत, पाहिजे तेवढी, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते त्यानं आतच ठेवलं.

…

“मला रडू यायला लागलं की तुम्ही आईस्क्रीम आणता.”

त्यानं हात आणखी जरा वर धरले.

“मग ते वितळायला लागतं. मग खावं लागतं…” तिचा आवाज कापला. “आणि रडायचं राहून जातं.”

पोरीच्या गालांवरून पाणी ओघळायला लागलं होतं, तरी तिचे हात थांबले नव्हते. त्याला वाटलं उठावं, जवळ घ्यावं, डोळे पुसावेत, पाणी द्यावं, काहीतरी करावं! पण हात लडीत अडकलेले. करण्यासारखं त्याच्याकडं काही उरलं नव्हतं. तो नुसता बघत बसला, आणि बघता बघता तोही रडायला लागला. डोळे पुसायलाही हात मोकळे नव्हते. मिशीवरून थेंब टपकायला लागले.

रेणू थांबली. “तुम्ही पण रडता?”

“दुकानात. शटर ओढून.”

“मला कुठं दिसलं?”

“तुला दिसू नये म्हणूनच… तू घाबरशील म्हणून.”

ती थोडा वेळ त्याच्याकडं बघत राहिली. मग बाहीनं त्याची मिशी पुसली, जराशी घाईनं, आणि परत गुंडाळायला लागली. बुवा तोंड फिरवून माळाकडं बघत होते. आता ती मधेमधे बोलत होती, आईबद्दल. आई भाकरी करताना काय गुणगुणायची, आई चिडली की कानडीत कशी बोलायची. मायाप्पा नुसता “हं” म्हणत होता. एकदा चुकून हसलासुद्धा.

“दिवा विझला,” रेणू म्हणाली.

मायाप्पानं मान वळवून बघितलं नाही. “विझू दे. लड संपली नाही अजून.”

लड संपली. मनगटांवर बारीक लोकर चिकटून राहिली. मायाप्पानं वळून किल्ली फिरवली. पहिल्याच फटक्याला गाडी चालू झाली आणि शहाण्यासारखी घुमत राहिली.

आता कोणाला काही सुचेना. रेणू गुंडा छातीशी धरून तिथंच उभी. आटपाडीचा रस्ता समोर होता, घराचा मागं.

“बुवा,” मायाप्पा म्हणाला, “आता कुणीकडं नेऊ हिला?”

“मला कशाला विचारतोस? तिला तोंड न्हाई व्हय?” बुवा रेणूकडं वळले. “पोरी, कुठं जायाचं तुला?”

रेणू पायाच्या अंगठ्यानं माती उकरायला लागली.

मायाप्पाच्या मनात नुसती गर्दी उसळली. मामाकडं मजा येईल का, की घरी जायचं, की मी चुकलो, मला माफ कर, राहतेस का माझ्याजवळ… एक अक्षर त्यानं बाहेर येऊ दिलं नाही. दातांवर दात धरून बसला. गाडी घुमत होती. जन्मात कधी एवढा वेळ गप्प बसला नव्हता गडी.

…

“घरी,” रेणू म्हणाली.

…

“पण तो गुलाबी रंग मला आवडत नाही.”

“मग कुठला—” मायाप्पा उसळला, आणि तिथंच थांबला. “बरं,” एवढंच म्हणाला.

तिनं बॅग मागंच राहू दिली. गाडीला वळसा घालून आली, पुढचं दार उघडलं, आणि त्याच्या शेजारच्या सीटवर बसली. गुंडा परत द्यायला हात पुढं केला, तर बुवांनी नको म्हणून मान हलवली.

मायाप्पा खाली उतरला. गिऱ्हाइकांच्या किल्ल्या दगडावरून उचलून आणल्या, मागं डिकीत टाकल्या. मग बुवांच्या पाया पडला. त्याचं मन भरून आलं होतं. पण माणसाचा स्वभाव का एका दिवसात जातो? उठता उठता त्यानं गाडीकडं चोरून बघितलं आणि रेणूला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाला,

“बुवा… सगळं झालं. पण ‘बाबा’ म्हणून हाक काही मारली नाही तिनं अजून.”

बुवांनी त्याच्या मनगटावरची लोकर एकेक करून वेचून काढली.

“घाई चोराला असती रं, मायाप्पा.”