पाच गाठींचं घोंगडं

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा रस्त्यांना नावं नव्हती, नुसत्या चौक्या होत्या. त्या काळी एका राज्याच्या राजधानीत एक नामी पेठ होती. नामी अशासाठी, की तिथे माल विकायला माणसाला जावंच लागत नसे.

पेठेत एक लांबलचक भिंत होती. विकणाऱ्यानं आपल्या मालाचा एक नमुना त्या भिंतीवर टांगायचा, खाली नावाची पाटी लावायची आणि खुशाल आपल्या गावी बसायचं. गिऱ्हाइकानं नमुना बघायचा आणि मागणी सांगायची. मग तांडेवाले बैल घेऊन गावी जायचे आणि माल उचलून वेशीवर आणायचे, तिथून तो गिऱ्हाइकाच्या हाती पोचायचा. सोय मोठी होती, नाही कोण म्हणतो! पण पेठेच्या शेटनं एक नियम घालून ठेवला होता. गिऱ्हाईक म्हणजे देव. त्यानं तक्रार केली की माल मुकाट्यानं परत घ्यायचा आणि वर हात जोडून माफी मागायची. तिसरी तक्रार आली की पाटी खाली.

राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला, माळावरच्या एका गावात एक विणकरीण राहत होती. ती घोंगडी विणायची. नवरा लोकर कातायचा, ही मागावर बसायची. गावात घोंगडं विकत घेणारं कोण असणार? सगळ्यांच्याच घरी मेंढरं. तेव्हा भिंतीवरची ती पाटी होती म्हणून घरात चूल पेटत होती.

तिच्यावर दोन तक्रारी आधीच झालेल्या होत्या. एकीनं म्हटलं, घोंगडं फार काळं आहे. आता काळ्या मेंढीची लोकर काळी नसेल तर काय गुलाबी असेल? दुसऱ्यानं म्हटलं, घोंगडं टोचतं. अहो, नवं घोंगडं टोचणारच! चिंचोक्याची खळ लावून कडक केलेलं असतं ते. एक हिवाळा अंगाखाली-अंगावर गेला की खळ निघते आणि मग ते मऊ पडतं. हे माळावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण नवरा म्हणाला, जाऊ दे, कशाला वाद, दोन शब्दांनी आपलं काय झिजतंय? तिनंही दोन्ही वेळा निरोप धाडला, चूक झाली, माफ करा. आणि इथेच तिची खरी चूक झाली, हे मी तुम्हाला आत्ताच सांगून ठेवतो.

पुढच्या वर्षी एका सरदारीणबाईंची मागणी आली. विणकरणीनं आपल्या हातचं सगळ्यात चांगलं घोंगडं काढलं, गाठोडं बांधलं आणि त्याला लोकरीची दोरी गुंडाळली. या दोरीचा एक रिवाज होता. गावापासून राजधानीपर्यंत पाच चौक्या. गाठोडं पुढे गेलं की प्रत्येक चौकीदार दोरीला आपल्या पद्धतीची एक गाठ मारायचा. शेवटचा चौकीदार, म्हणजे वेशीवरचा, गाठोडं गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचा, दोरी सोडवून घ्यायचा आणि परत फिरणाऱ्या तांड्याबरोबर विकणाऱ्याकडे पाठवायचा. पाच गाठींची दोरी घरी आली की समजायचं, माल पोचला.

दिवाळीच्या आत दोरी आली. विणकरणीनं पाचही गाठी मोजल्या आणि निर्धास्त झाली.

होळी झाली, उन्हं तापायला लागली, आणि एके दिवशी तेच घोंगडं परत आलं. सोबत शेटचा निरोप. सरदारीणबाई म्हणतात, माल आत्ताशी मिळाला, थंडी संपल्यावर. त्यांनी घडीसुद्धा मोडलेली नाही. ही तिसरी तक्रार आहे, तेव्हा पाटी उतरवण्याआधी काही सांगायचं असेल तर येऊन सांगा.

विणकरणीनं घोंगड्यावरून एकदा हात फिरवला आणि तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. नवरा पुन्हा म्हणाला की मोठ्या लोकांशी वैर नको, हातापाया पडून पाटी वाचव. ती म्हणाली, "दोनदा वाकले, म्हणून तर तिसऱ्यांदा पाठीवर बसलेत." तिनं भाकरी बांधून घेतल्या, घोंगडं खांद्यावर टाकलं आणि चालू लागली.

वाटेत ती प्रत्येक चौकीवर थांबली. तिनं दोरी दाखवली आणि विचारलं, ही गाठ तुमचीच ना? कधी मारली? पहिला म्हणाला, दसऱ्याच्या आधी. दुसरा म्हणाला, दसऱ्याला, आपट्याची पानं वाटत होतो तेव्हा. तिसऱ्यालाही आठवत होतं, चौथ्यालाही. ती प्रत्येकाला म्हणाली की मग चला, पेठेत येऊन सांगा. चौघंही आपापल्या पोराबाळांना चौकीवर बसवून तिच्याबरोबर निघाले. मात्र पाचवा, वेशीवरचा, सरदाराच्या चाकरीतला होता. तो जमिनीकडे बघत म्हणाला की आपल्याला काही आठवत नाही बुवा.

पेठेत ही गर्दी जमली. सरदारीणबाई पालखीत बसून आल्या होत्या. शेटनं चौघांचं ऐकून घेतलं आणि मान डोलवली. म्हणाला, चार चौक्यांपर्यंत माल वेळेवर आला हे कबूल, पण पाचव्यानं दोरी आधीच सोडून धाडली आणि माल वेशीवर किती दिवस पडून राहिला, कोण जाणे! गिऱ्हाइकाला त्रास झाला, हे तर खरं ना?

विणकरणीनं भिंतीवरचा आपला नमुना काढला आणि शेटचा हात धरून त्यावर ठेवला. हाताला कडक लागलं, टोचलं. मग परत आलेलं घोंगडं पुढे केलं. ते लोण्यासारखं मऊ होतं.

"खळ बसून-झोपूनच निघते, शेटजी. हे घोंगडं अख्खा हिवाळा वापरलंय. बाई म्हणतात घडी मोडली नाही. मग वापरलं कुणी? पालखीनं?"

लोक फिसकन हसले. सरदारीणबाईंचा चेहरा उतरला. पण हार मानतील तर त्या सरदारीण कसल्या! त्या म्हणाल्या की मग हिनं जुनंच घोंगडं पाठवलं असणार, ही बाई आहेच तसली, दोनदा स्वतःच्या तोंडानं चूक कबूल केलीय हिनं.

आता शेटला सारं कळलं होतं बरं का. तो काही दुधखुळा नव्हता. पण सरदाराशी वाकडं घ्यायची त्याची छाती नव्हती. त्यानं विणकरणीला बाजूला घेतलं, आवाज मऊ केला आणि तोडगा सांगितला. बाईंपुढे हात जोडायचे, चूक झाली म्हणायचं. ही तक्रार आपण मोजायचीच नाही. पाटी राहील. "सगळेच असं करतात गं," तो म्हणाला. "गिऱ्हाईक देव असतं."

विणकरणीनं भिंतीकडे पाहिलं. तिथे तिची चूल टांगलेली होती, तिच्या नवऱ्याची भाकरी टांगलेली होती. तिला रडू आलं, आणि ते तिनं लपवलं नाही.

"देव खोटं बोलत नाही, शेटजी," ती म्हणाली. "मी दोनदा खोटी माफी मागितली, आणि आज तीच माझ्याविरुद्ध साक्ष द्यायला उभी राहिली. तिसरी मागणार नाही. पाटी तुम्ही उतरवू नका. मीच उतरवते."

आणि तिनं उतरवली. सगळ्यांच्या देखत पाटी काखेत मारली, दोन्ही घोंगडी उचलली आणि ती निघून गेली.

चौथ्या चौकीच्या चौकीदारानं तिला आपली ओसरी दिली. तिनं नवऱ्याला मागासकट तिथे बोलावून घेतलं, पाटी लावली आणि आपला एकच नियम सांगितला. माल चौकीदारासमोर उघडायचा, हात लावून बघायचा आणि जसा असेल तसा मोठ्यानं सांगायचा. वाईट असेल तर वाईट सांगा, मी तिथल्या तिथे बदलून देईन. चांगला असेल तर चांगला म्हणा, आणि मग घरी न्या. सुरुवातीचे दोन महिने कुत्रंही फिरकलं नाही. नवरा-बायकोनं मीठ-भाकरीवर दिवस काढले. मग एक तांब्याची भांडी घडवणारा आपली पाटी घेऊन आला. त्यालाही पेठेत बऱ्याच खोट्या माफ्या मागाव्या लागल्या होत्या. मग एक टोपल्या विणणारी आली. मग विकणारे आणि गिऱ्हाइकं येतच राहिली.

पेठेतली भिंत काही रिकामी राहिली नाही. तिथे असले लोक उरले, ज्यांना काम करण्यापेक्षा माफी मागणं स्वस्त पडायचं. पुढच्या हिवाळ्यात सरदारीणबाईंनी घोंगडं मागवलं, ते कसर लागून भोकं पडलेलं आलं. त्यांनी तक्रार केली. विकणाऱ्यानं ताबडतोब हात जोडले आणि दुसरं पाठवलं. त्यालाही कसर. त्यानं परत हात जोडले. अख्खा हिवाळा बाईंना माफ्या मिळाल्या, पांघरूण मिळालं नाही.

त्याच हिवाळ्यात एका सकाळी शेट स्वतः चौथ्या चौकीवर आला. म्हाताऱ्या आईला थंडी सोसत नव्हती. त्यानं गुपचूप एक घोंगडं निवडलं आणि काखेत घालू लागला. विणकरीण म्हणाली की इथला रिवाज सगळ्यांना सारखाच आहे. शेटनं इकडेतिकडे पाहिलं. ओसरीवर सगळे विकणारे, सगळी गिऱ्हाइकं कान टवकारून बसली होती. त्यानं घोंगडं उलगडलं, हात फिरवला आणि पुटपुटला.

"मोठ्यानं, शेटजी."

"घोंगडं चांगलं आहे."

"आणि गेल्या वर्षीचं?"

शेटनं मान खाली घातली. आई घरी कुडकुडत होती. अखेर त्यानं मान वर केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "तेही चांगलंच होतं."

"मग घेऊन जा," विणकरीण म्हणाली, आणि मागावर जाऊन बसली.

तेव्हा लहानथोरांनो, ध्यानात ठेवा: न केलेली चूक पदरात घेतल्यानं आपली जागा वाचत नाही, वाचतो तो समोरच्याचा खोटेपणा.