वेळूमाथ्याच्या कणगीचे दार

वेळूमाथ्याला गाडी जात नाही. पाहुणा घाट चढून धापा टाकत पोहोचतो, अंगणातली सुपे-टोपल्या पाहून हरखतो आणि मग हमखास विचारतो: इथल्या धान्याच्या कणगीला खाली भोक कशाला? एवढी देखणी वीण, आणि पायथ्याशी कोयत्याने कापलेले वेडेवाकडे दार! दाणे काढायला असेल, असे कुणी म्हटले की गुणाबाई, गावातल्या सर्वांत जुन्या विणकरीण, हसतात. "दानं वरनंबी निघत्यात की," म्हणतात आणि बसायला घोंगडी टाकतात.

फार मागे, असे सांगतात, इथे येसाई नावाची म्हातारी राही. एकुलता एक मुलगा धाकू आणि सून रखमी. एकदा धाकू बांबू तोडायला दरीत उतरला. घरी रखमी कणगी विणत होती. मोठी कणगी आत बसूनच विणावी लागते. दुपारी दरड कोसळली. गावाने दरी पालथी घातली, पण धाकू काही सापडला नाही.

गावात तेव्हा एक समज होता. घरचे माणूस बाहेर असताना वीण अर्धी सोडली, तर ते परत येत नाही. आणि वीण कापणे म्हणजे तर त्याची वाटच कापणे. म्हणून रखमी उठेना. येसाई तिला अडवणार कशी? तिचाही जीव मुलात अडकलेला. तीच बाहेरून बांबूच्या कामट्या सोलून आत देत राहिली. भिंत रखमीच्या डोक्यावर गेली, कणगीचे तोंड आवळत चालले. शेजारणी विनवून थकल्या. आत दिलेली भाकरी तशीच परत येई.

एका सकाळी येसाईने कामटी पुढे केली, तेव्हा ती घ्यायला वर आलेल्या हाताला कामटी धरताच येईना. बोटे चिरलेली होती. म्हातारीला स्वतःची लाज वाटली, म्हणे. गेलेल्या मुलासाठी आपण जिवंत पोरीला पुरतो आहोत, हे तिला उमगले. ती मटकन खाली बसली, पोटभर रडली आणि उठून तिने कोयता घेतला. लोक ओरडत राहिले. प्रत्येक घावाला ती धाकूचे नाव घेत होती.

"रखमे, भाईर ये. माजा ल्योक गेला. तू तरी ऱ्हा."

रखमी हलली नाही. मग येसाई जमिनीवर आडवी झाली, भोकातून हात आत घालून तिने सुनेचा पाय धरला आणि पुन्हा हाक मारली, "लेकी." तेव्हा कुठे आतून हुंदका फुटला, आणि रखमी रांगत बाहेर आली.

आजही वेळूमाथ्यात कणगी पुरी झाली की सून आत बसून राहते आणि सासू बाहेरून दार कापते. ज्या घरात दोघींमधून विस्तव जात नाही, तिथेही हा नेम चुकत नाही. सुना पहिल्या हाकेला मुद्दामच बाहेर येत नाहीत. आणि दुसऱ्या हाकेला सासूने सुनेचे नाव घ्यायचे नसते.