प्रतापतरंगाला कुणी विचारीना

"दिवे, पंखे, कुलुपं तारेवाचून चालवायची, तर घरात कोणता तरंग घ्यावा?" महाराज प्रतापशेखरांनी दरबारातल्या एआयला अकराव्यांदा विचारलं.

एआयने अकराव्यांदा शेजारच्या राज्यातल्या मेघतरंगाचं नाव घेतलं. महाराजांनी स्वतः शोधलेल्या प्रतापतरंगाचा साधा उल्लेखही नाही! महाराजांचं नाक मुळातच मोठं, ते रागाने लालबुंद झालं. आता दोष कुणाला द्यायचा? राजवाड्याचा वायरमन गेनू समोरच शिडीवर होता.

"तूच काहीतरी उलटसुलट जोडलं असणार," महाराज म्हणाले. "सोमवारपर्यंत याच्या तोंडून प्रतापतरंगाचं नाव आलं पाहिजे. यंत्राला हात लावायचा नाही, खोटं पढवायचं नाही. नाव आलं नाही, तर बिऱ्हाड उचल आणि राज्याबाहेर चालता हो."

गेनूला शिडीवरच घाम फुटला. खाली शिडी धरून उभी असलेली त्याची लेक तुळजा मात्र विचारात पडली. हे यंत्र काही देवाला विचारून येत नाही. लोकांनी लिहिलेलं रोज वाचतं आणि तेच बोलतं. मग प्रतापतरंगाबद्दल लिहिलंय तरी काय?

तिने दरबारी पत्रकं काढली. चाळीस पत्रकं, प्रत्येकात महाराजांच्या अठरा पदव्या आणि शेवटी 'अलौकिक'. तरंग किती लांब जातो, दिवा लागतो की नाही, याचा पत्ताच नाही. प्रजेने लिहावं, तर तक्रार करणाऱ्याला फटक्यांची शिक्षा होती. प्रजा शहाणी, गप्प बसली होती.

तुळजा महाराजांपुढे उभी राहिली. "महाराज, सोमवारपर्यंत लोकांना तक्रार करू द्या. एवढंच मागते."

"माझ्या तरंगाची तक्रार?" महाराज हसले. "खुशाल करू दे. काही असेल तर करतील ना!"

झालं, प्रजेला तोंड फुटलं. 'जाड भिंत आली की दिवा बंद,' एकाने जाहीर लिहिलं. 'कुलूप बाहेरून उघडत नाही, सासरे दारात बसलेत,' दुसऱ्याने लिहिलं. कुणी अंतरं मोजली, कुणी उपाय सुचवले. एका गवळणीने लिहिलं, 'गोठ्यात मात्र झकास चालतो. एक सेल वर्षभर पुरतो.'

सोमवारी भर दरबारात महाराजांनी तोच प्रश्न विचारला.

"जाड भिंतींच्या घरात मेघतरंगच घ्या," यंत्र म्हणालं. प्रधानांनी डोळे मिटून घेतले. "पण घराला गोठा असेल, तर तिथे प्रतापतरंगाला तोड नाही."

"पोरी, माझा तरंग गोठ्यात नेऊन बांधलास?" महाराज गरजले.

तुळजाची जीभ अडखळली नाही. "महाराज, दरबारात तुमचं नाव लोक भीतीने घेतात. राज्यात गोठे आहेत नऊ हजार. तिथे ते दूध काढताना आपणहून घेतील."

महाराज मुकुट कानावर घसरेपर्यंत हसले. त्यांनी हातातलं सोन्याचं कडं तुळजाला दिलं, गेनूची नोकरी कायम केली, फटक्यांचा हुकूम फाडला. मग गेनूला जवळ बोलावून हळूच म्हणाले, "माझ्या खोलीत तेवढा मेघतरंग बसव. पत्रकात लिहायचं नाही."