डोंगराचे तीन तुकडे

एका आडवळणाच्या गावात रंगनाथ नावाचा शिंपी राहत होता. हात सरळ, पण स्वभाव तिरका. वाण्याकडून आणलेली साखर तो घरी पुन्हा जोखायचा. गाय विकायला आलेल्या माणसाला आधी त्याच्या बापाचं नाव विचारायचा आणि मग गाईचं वय. लोक हसले की म्हणायचा, "हसा. फसल्यावर रडायला माज्याकडंच येताय." आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं. जन्म कापडात गेलेला. अंगरखा बेतताना कापडाचे तुकडे जितके जास्त, तितकी चोरीला जागा जास्त, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. तरुणपणी दोन-चार वीत कापड त्यानेही मांडीखाली सारलं होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते असं.

या गावाची एक रीत होती. शाळेतून निवृत्त झालेल्या अनुसयाबाई दर गुरुवारी संध्याकाळी वाचनालयाच्या ओट्यावर कादंबरी वाचायच्या आणि गाव ऐकायचा. आता कादंबरी वेगळी आणि पोथी वेगळी, हे गावाला कधी पटलंच नाही. पोथी लावली की समाप्ती व्हायलाच हवी, मध्येच बांधून ठेवली तर बाधते. तोच नेम कादंबरीलाही. शेवटचं पान झालं की पुस्तकाला हळदकुंकू वाहायचं, नारळ फोडायचा, शिरा वाटायचा. एकदा एका कादंबरीची शेवटची पानं वाळवीने खाल्लेली निघाली, तर गावाने बाईंना तालुक्याला पाठवून दुसरी प्रत आणवली होती.

सगळ्यांत लाडकी कादंबरी म्हणजे 'निजलेला डोंगर'. अकराशे पानं, दोन वर्षांचे गुरुवार. एका डोंगराच्या पाठीवर नऊ गावं वसलेली असतात. मेंढ्या राखणाऱ्या एका पोरीला कळतं की हा डोंगर नाहीच, हा तर झोपलेला कुणीतरी आहे. मग एक दिवस तो उठतो आणि नऊ गावं पाठीवर घेऊन समुद्राकडे चालू लागतो. रंगनाथने ही कथा ओट्याच्या कडेला बसून, हातात काजं-बटणांचं काम घेऊन ऐकली. ज्या गुरुवारी डोंगर उठला, त्या गुरुवारी त्याच्याकडून एक काज उलटं झालं. त्या दिवसापासून तो डोंगर त्याच्या डोळ्यांपुढे उभा होता. मेंढ्यांसकट, विहिरींसकट. तो कुणाला बोलला नाही, पण त्याला फार वाटायचं, हा डोंगर एकदा खरोखर बघायला मिळावा. आपल्या मनातला आणि दुसऱ्या कुणी पाहिलेला, एकच आहेत का ते ताडून बघावं.

आणि मग बातमी आली की त्या कादंबरीचा सिनेमा झाला, आणि भैरोबाच्या जत्रेत दर साली सिनेमाचा तंबू लावणारा मुरारशेठ तो दाखवणार. गाव हरखून गेला. रंगनाथ सगळ्यांच्या आधी तंबूपाशी पोचला. तिथे खांबाला भलीमोठी जाहिरात टांगली होती. तिच्यावर डोंगर होता, पोरगी होती, आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं: भाग पहिला.

"ह्ये काय?" रंगनाथने विचारलं.

"तीन भाग हायत, नाना," मुरारशेठ खुंटी ठोकता ठोकता म्हणाला. "यंदा एक, फुडच्या जत्रेला दुसरा, त्याच्या फुडं तिसरा."

"आन पुस्तक किती हाय?"

"एकच की."

"मग एका पुस्तकाचं तीन तुकडं कशापायी?"

मुरारशेठने हातोडी खाली ठेवली. "अकराशे पानं एका बैठकीत कोंबली तर डोंगर उठंल व्हय? नुसता कूस बदलंल."

उत्तर बरं होतं. पण बरं उत्तर ऐकलं की रंगनाथचा संशय दुप्पट व्हायचा. जो माणूस इतकं चटकन बोलतो, त्याने ते आधीच घोकून ठेवलेलं असणार. एका कापडाचे तीन तुकडे कोण करतो, आणि का करतो, हे शिंप्याला सांगायची गरज होती का?

पण खरी गोष्ट वेगळीच होती, आणि ती रंगनाथ आणि त्याची बायको द्वारका, यांच्याशिवाय कुणाला माहीत नव्हती. त्याच उन्हाळ्यात तालुक्याच्या डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं, काचबिंदू आहे, यायला उशीर केलात, नजर राहिली तर दोन वर्षं राहील. रंगनाथचा विश्वास बसला नाही. तो दुसऱ्या डॉक्टरकडे गेला, मग तिसऱ्याकडे. तिघांनी एकच सांगितलं. घरात आता सुई द्वारका ओवून द्यायची. म्हणजे यंदा पहिला, पुढल्या साली दुसरा, आणि तिसरा येईल तेव्हा आपल्या डोळ्यांत काय उरलेलं असेल, हे त्याने तंबूच्या दारातच मोजलं. त्याला भीती वाटली. भीती वाटली हे कबूल करणं त्याला जमत नव्हतं, म्हणून त्याला राग आला. आणि रागाला त्याने नाव दिलं, चोरी.

"ह्यात मेख हाय," त्याने पारावर येऊन जाहीर केलं. "डोंगर ठेवणार तिसऱ्या भागात. पयल्यात नुसती पोरगी मेंढरं हाकणार, दुसऱ्यात परत मेंढरं हाकणार. आपून आपलं दर साली गाजरामागं गाढवावानी जायाचं. मी न्हाई येनार. समदं पुरं झालं की एकदम बघीन."

निम्मा गाव त्याच्या बाजूला झाला. उरलेला निम्मा म्हणाला, बघू तरी. अनुसयाबाई म्हणाल्या, "रंगनाथ, अहो मी तरी अकराशे पानं एका गुरुवारी कुठं वाचली होती?"

"बाई, तुमी वाचत हुता तवा पुस्तक समोर हुतं," रंगनाथ म्हणाला. "कवा बी शेवटचं पान उघडून बघता आलं असतं. हितं शेवटचं पान त्येच्या खिशात."

घरी द्वारकेने मात्र सरळ सांगितलं, "डोळं हायती तंवर बघून घ्या. पयला तरी बघा."

"अर्धं बघून जीव टांगून ठिवू?" तो म्हणाला. "त्यापरीस न बघितलेलं बरं."

ती दिवेलागणीला शेजारणीबरोबर तंबूकडे निघून गेली.

त्या दिवशी तंबूत एक गंमत झाली. सिनेमा संपला, पडदा पांढरा झाला, पण माणसं उठेनात. मुरारशेठ म्हणाला, संपला. लोक म्हणाले, समाप्ती कुठं झाली? एकाने तर नारळ सोबत आणला होता, तो हातात धरून तसाच बसून राहिला. शेवटी मुरारशेठने हात जोडले तेव्हा लोक उठले. कुणी म्हणालं झकास, कुणी म्हणालं अर्धपोटी उठवलं. ज्यांनी कादंबरी ऐकली नव्हती ते खूश होते, आणि ज्यांना ती पाठ होती ते काय गाळलं यावर वाद घालत चालले होते.

द्वारका घरी आली ती जवळजवळ पळतच. "अवं, डोंगर उठला."

रंगनाथने मान वर केली. "पयल्याच भागात?"

"पार शेवटाला. आधी मेंढरं जागच्या जागी थांबत्यात, मग..."

"पुरं." त्याचा आवाज चढला. "कुठला धंदेवाईक आपला मोठा माल पयल्या दिवशी उघडून दावतो? मला खेचायला मुरारशेठनं पाठ करून घेतलं का तुज्याकडनं?"

द्वारकेचं तोंड उतरलं. तीस वर्षांच्या संसारात तिने त्याला एकदाही फसवलं नव्हतं. ती चुलीकडे गेली आणि पुन्हा त्या डोंगराचं नाव काढलं नाही. दुसऱ्या दिवशी आणखी चौघांनी दुकानात येऊन तेच सांगितलं. रंगनाथ कात्री चालवत म्हणाला, "ज्याचं नाक कापलं जातं, त्यो म्हनतो मला देव दिसतो. म्हंजे दुसऱ्यानंबी कापून घ्यावं." जत्रा तीन दिवस होती. तिन्ही दिवस तंबूचा भोंगा त्याच्या दुकानात ऐकू येत होता. तिन्ही दिवस तो मान खाली घालून शिवत राहिला.

पुढल्या जत्रेला दुसरा भाग आला. तोपर्यंत रंगनाथची नजर आकसत आली होती. सुईच्या नेढ्यातून बघावं तेवढंच समोरचं दिसायचं, पण दिसायचं. मागच्या साली चुकलेल्यांसाठी मुरारशेठने पहिल्या दिवशी पहिला भागच पुन्हा लावला. रंगनाथ म्हणाला, "शिळ्या कढीला ऊत आणतोय." खरं तर त्याचे पाय दोनदा तंबूच्या वाटेला लागले होते. पण वर्षभर पारावर बसून त्याने त्या सिनेमाची सालटी काढली होती. आता तिथे जाताना कुणी पाहिलं तर काय म्हणेल? दोन्ही वेळा तो मारुतीच्या देवळापासून परत फिरला.

आणि दुसरा भाग खरोखरच ताणलेला निघाला. पुस्तकात पोरगी दोन ओळींत नदी पार करते. सिनेमात होडी तासभर हलत होती. माणसं जांभया देत बाहेर आली. "नाना, तुमीच खरं म्हनला हुता," असं सांगायला सात-आठ जण दुकानात येऊन गेले. रंगनाथने सगळ्यांना चहा पाजला. इतका आनंद त्याला कित्येक महिन्यांत झाला नव्हता. द्वारका कप गोळा करताना म्हणाली, "तुमचं खरं झालं. पण तुमी बघितलं काय?" त्याने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

तिसऱ्या साली तिसरा भाग आला. मुरारशेठने दवंडी दिली, तीन दिवसांत तिन्ही भाग ओळीने दाखवणार, सगळं पूर्ण. मग रंगनाथ स्वतःहून म्हणाला, "चल. आता लपवायला त्येच्यापाशी काय ऱ्हायलं न्हाई."

द्वारकेने त्याचा हात धरून त्याला तंबूत नेलं. हात धरावाच लागला. पावसाळा सरता सरता त्याची नजर गेली होती. उजेड आणि अंधार एवढाच भेद त्याला कळायचा. दुकान बंद झालं होतं. मुरारशेठने त्याला ओळखलं, काही न बोलता पुढची सतरंजी झटकून दिली.

पहिल्या दिवशी पहिला भाग सुरू झाला. रंगनाथला घंटांचे आवाज, मेंढ्यांचं ओरडणं, पोरीचं हसणं ऐकू येत होतं. समोर कधी फिकट, कधी गडद असं काहीतरी हलत होतं. मग हळूहळू सगळे आवाज थांबले. सबंध तंबू श्वास रोखून बसला. खालून, जमिनीतून यावी तशी घरघर सुरू झाली.

"काय हुतंय?" त्याने विचारलं.

"उठतोय," द्वारका म्हणाली.

"कसा? सांग मला."

तिने सांगायला सुरुवात केली. मेंढरं थांबल्यात. विहिरींचं पाणी हिंदकळतंय. नऊ गावांतलं दिवं एकदम वर चालल्यात, पाठीवर निजलेलं पोर आईनं सावरून घ्यावं तसं. ती भरभर बोलत होती, काही राहू नये म्हणून. रंगनाथने तिचं मनगट घट्ट धरलं.

"खांदा कुठला वर येतोय आधी?"

त्याच्या मनातला डोंगर उजव्या कुशीवर झोपलेला होता. उठताना आधी त्याचा डावा खांदा वर यायचा, अवघडलेल्या म्हाताऱ्यासारखा. हे त्याने आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं.

"डावा," द्वारका म्हणाली.

रंगनाथचा चेहरा उजळला. पण तो उजेड क्षणभरच टिकला. त्याने तिच्याकडे तोंड वळवलं आणि हलक्या आवाजात विचारलं, "खरंच डावा? का मला बरं वाटावं म्हनून सांगतीस?"

"डावाच हाय वो."

"शपथ घे."

तिने भैरोबाची शपथ घेतली. मग त्याने पलीकडे बसलेल्या माणसाला कोपराने ढोसून विचारलं, खांदा कुठला? तोही म्हणाला, डावा. त्याच्या पलीकडचाही म्हणाला, डावा. आंधळ्याची दया येऊन सगळ्यांनी एकच ठरवलंय की काय, असं रंगनाथच्या मनात आलं. पडद्यावर डोंगर पुरता उभा राहिला होता, लोक टाळ्या वाजवत होते, आणि तो मात्र डोळे फाडफाडून समोरच्या फिकट अंधारात एक खांदा शोधत होता.

खांदा डावाच होता. पण आता त्याची खात्री त्याला कोण पटवणार?

तात्पर्य: संशय जरूर घ्यावा, पण डोळे आहेत तोवर जाऊन तो फेडूनही घ्यावा. न बघताच ज्याने संशय सांभाळला, त्याला पुढे खरं सांगणारे कितीही भेटले, तरी त्याचा संशय फिटत नाही.