पाठ मातीला लागली नाही

आंबळखेडच्या भैरोबाच्या देवळामागं एक दगड उभा आहे. आज बघाल तर दगड वाटणारच नाही, शेंदराचा भलामोठा गोळा वाटेल. त्या गोळ्याच्या पोटात काय आहे ते सांगतो. पोराटोरांनी ऐकलं तरी चालेल. गावातले म्हातारे म्हणतील चालणार नाही, तर त्यांना म्हणू द्या.

देवळाला कळस नव्हता आणि नदीला पूल नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. गावात हैबती नावाचा पैलवान होता. असं म्हणतात, तो जोर मारायला लागला की तालमीशेजारच्या विहिरीतलं पाणी हिंदकळायचं. बारा जत्रा तो खेळला आणि बाराही जत्रांत त्याची पाठ मातीला लागली नाही.

म्हणून अख्खं गाव त्याच्या लंगोटाची राखण करायचं. बाईची नजर पडली की पैलवानाची ताकद उतरते, असं सटवाजी पाटलाचं मत होतं, आणि पाटलाचं मत म्हणजे गावाचा कायदा. हैबती येताना दिसला की बायकांनी वाट सोडून बांधावर चढायचं. त्याचं दूधसुद्धा पुरुषानंच काढायचं. त्याच्या सख्ख्या बहिणीला माहेरी यायची बंदी केली होती. म्हाताऱ्यांनी एकेक दार शोधून बंद केलं.

एकच दार उघडं ठेवलं, लखमा पाथरवटाचं. लखमा एकटा माणूस, नदीकाठच्या खोपीत राहायचा आणि देवळाचे द्वारपाल घडवायचा. खोपीत बाई नाही, बाईची सावली नाही. पाटील स्वतः म्हणाला, "हैबतीला तिथंच राहू दे. गावात तेवढीच एक निर्धोक जागा हाय."

एवढी त्यांची अक्कल.

द्वारपाल कोरायला लखमाला समोर धिप्पाड माणूस हवा होता. हैबती गदा घेऊन उभा राहायचा. असं म्हणतात, सकाळी उभा राहिला की उन्हं कलेपर्यंत पापणी हलवायचा नाही, आणि चिमण्या त्याच्या खांद्यावर येऊन बसायच्या. खाणीतला दगड चार बैलांना हलायचा नाही, तो हैबती एकटा खांद्यावर घेऊन यायचा. द्वारपालाचे हात झाले, छाती झाली, ओठ झाले. कान मात्र होईना. पैलवानाचा कान तो, कुस्तीत मोडलेला, सुजून गच्च झालेला. लखमा तीनदा कोरायला बसला आणि तीनदा छिन्नी खाली ठेवली.

"तुझा कान माझ्याच्यानं होत नाही गड्या. एवढ्या वळ्या दगडाला जमत नाहीत."

"मग हाताला तरी पाठ करून घे," हैबती म्हणाला, आणि त्यानं लखमाचं बोट धरून स्वतःच्या कानावर ठेवलं.

पुढचं म्हातारे सांगत नाहीत. मीही सांगत नाही, कारण सांगायची गरज नाही. तीन वर्षं दोघांची घोंगडी एकच होती, आणि गाव खुशीत होतं की पोरगं वळणात आहे.

तेराव्या जत्रेला नदीपलीकडच्या गावाशी पाटाच्या पहिल्या पाण्यावरून पैज लागली. ज्याचा पैलवान जिंकेल, त्याचं शिवार आधी भिजणार. समोरचा गडी रेड्यासारखा होता. हैबतीनं त्याला उचलून असा टाकला, की असं म्हणतात, मातीत त्याच्या पाठीचा खड्डा पडला आणि त्या खड्ड्यात लगेच पाणी लागलं. पाच गावांच्या लोकांनी फेटे उडवले. पाटलाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं हैबतीच्या दंडावर थाप मारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला, "माग लेका! काय पायजे ते माग. आता लंगोट सोडायची येळ झाली. बायको आणतो, वाडा बांधून देतो!"

"बायको नको पाटील. माझी घोंगडी लखमाच्या खोपीत हाय. ती जन्मभर तिथंच राहू द्या."

पाटील हसला. "अरं, राहशील की. पर बायको..."

"बायको नको म्हणतोय. मला लखमा हाय."

हलगी थांबली. पाच गावांची जत्रा, पण पाळण्याची करकर ऐकू यायला लागली. पाटलाचा हात अजून हैबतीच्या दंडावर होता. विस्तवाला लागल्यासारखा त्यानं तो मागं घेतला.

तीन वर्षं त्यांनी बायका बांधावर चढवल्या होत्या. बहीण तोडली होती. आणि गडी त्यांनीच, स्वतःच्या हातानं, तिथं नेऊन ठेवला होता. हे कळल्यावर लाज वाटायला हवी होती. त्यांना राग आला.

म्हातारे पिंपळाखाली बसले, पान खाल्लं आणि निकाल दिला. "पैलवान हाय नव्हं? मग मातीतच ठरू दे. आमच्या तालमीचा एकेक गडी येईल. पाठ लागली तर दोघांनी गाव सोडायचं. न्हाई लागली तर राहा."

लखमा गर्दीतून पुढं आला. "हैबती, चल. आत्ताच जाऊ. दगड काय, कुठंबी मिळतो."

"हरलेला गाव सोडतो, लखमा. मी कुठं हरलोय?"

पहिला गडी आला. ते पोरगं हैबतीनंच तयार केलेलं, डाव त्यानंच शिकवलेले. त्यानं त्याला अलगद चितपट केलं, उठवलं, अंगावरची माती झटकली. पाटील म्हणाला, "दुसरा." दुसरा आला. मग तिसरा. पाणी प्यायला कुणी दिलं नाही. ऊन उतरायला लागलं तरी पाटील म्हणतच होता, "फुडचा." असं अकरा वेळा झालं. अकरावा रडत रडत भिडला आणि रडत रडत पडला.

"फुडचा," पाटील म्हणाला.

कुणी उठलं नाही. आणि तेवढ्यात लोकांच्या लक्षात आलं, की हैबतीची छाती हलत नाही. डोळे उघडे होते, पाय मातीत रोवलेले होते, पण तो उभ्या उभ्याच गेला होता. मग तो हळूहळू मागं कलायला लागला. म्हातारे पुढं सरकले. हो, सरकले. मेलेल्या माणसाची पाठ तरी मातीला लागते का, ते बघायला.

लखमा धावला. तो हैबतीला सावरायला गेला नाही, एवढं ओझं त्याच्यानं पेललं नसतं. तो मातीत उताणा पडला. हैबती त्याच्या छातीवर आला. बरगड्या मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. लखमानं त्याला हातांनी धरून ठेवलं, मोडक्या कानाला तोंड लावलं आणि म्हणाला, "जिंकलास रे."

पंच वाकला. दोघांच्या मधून त्यानं हात फिरवला. पाच गावं बघत होती, त्याला खोटं बोलता येईना. "पाठ लागली न्हाई," तो म्हणाला.

आता पुढचं ऐका, म्हणजे म्हातारे काय चीज असतात ते कळेल. हैबती मेला आणि त्यांना तो परत आवडायला लागला. न हरलेला पैलवान म्हणून पाच गावांत नाव झालं. मग त्याची वीरगळ हवी झाली. लढता लढता गेलेल्या वीराच्या नावाचा दगड तो. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत दोन अप्सरा वीराला वर घेऊन जातात, आणि वर महादेवाची पूजा. आणि ती कोरायची कुणी? गावात पाथरवट एकच. मोडक्या बरगड्यांच्या त्या माणसाला निरोप गेला. लखमानं छिन्नी उचलली. असं म्हणतात, नऊ दिवस त्यानं ती खाली ठेवली नाही, आणि दगडातून ठिणगीऐवजी घाम यायचा.

दहाव्या दिवशी म्हातारे हार घेऊन आले आणि जागच्या जागी थिजले. मधल्या चौकटीत अप्सरा नव्हत्या. एकच माणूस होता. कमरेला छिन्नी, खाली उताणा, आणि त्याच्या छातीवर पैलवान. कान हुबेहूब. लखमा त्यानंतर कुणाला दिसला नाही.

वीरगळ फोडली तर गावावर अरिष्ट येतं, म्हणून फोडायची हिंमत कुणाला झाली नाही. पाटलानं शेंदूर मागवला आणि मधली चौकट बुजवली. मग त्याच्या पोरानं थर दिला, मग नातवानं. दर चैत्रात एक थर.

दोन वर्षांपूर्वी भर दुपारी ते कवच आपोआप गळून पडलं. आम्ही तालमीतली पोरं धावत गेलो. खालची आणि वरची चौकट ऊन-पावसानं झिजून सपाट झाली होती, पण मधली कालच कोरल्यासारखी होती. इतकी वर्षं झाकून ठेवली, म्हणून तिला वारासुद्धा लागला नव्हता. कानाच्या वळ्या बोटानं मोजता येत होत्या. दिवस मावळायच्या आत म्हाताऱ्यांनी पुन्हा शेंदूर थापला, या वेळी अख्ख्या दगडावर.

थापा म्हणावं. पण आंबळखेडच्या जत्रेत आजही पहिली कुस्ती लागायच्या आधी हलगी थांबते. म्हाताऱ्यांतलाच एक जण उठून विचारतो, "पाठ कोण देणार?" एक गडी पुढं येतो आणि मातीत उताणा पडतो. दुसरा त्याच्या छातीवर पाठ टेकून झोपतो. पंच वाकतो, मधून हात फिरवतो. का करायचं ते कुणी सांगत नाही. पण केल्याशिवाय कुस्ती लागत नाही. आणि खालच्यानं वरच्याच्या कानात म्हणायचं असतं, "जिंकलास रे."