येसाईचा उलटा दांडा

नेरखोल गावाला जेव्हा गाडीवाट नव्हती आणि डोंगराच्या पोटात वाघ राहत होते, तेव्हाची, फार फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. गावाच्या कडेनं ओढा वाहायचा. ओढ्याच्या काठी वाघजाईचं देऊळ होतं, आणि देवळामागं शिवणीचं एक मोठं झाड होतं. एका पावसाळ्यात डोंगर घसरला आणि ते झाड ओढ्यावर कललं. सगळ्यांना वाटलं, गेलं आता. पण ते पडलं नाही. उलट वर्षामागून वर्ष त्याचा शेंडा हळूहळू पुन्हा आभाळाकडे वळू लागला. गाव म्हणायचं, देवी त्याला वर ओढते आहे. एकटी येसू म्हणायची, झाड स्वतःच स्वतःला ओढतं आहे.

येसू ही रावजी सुताराची धाकटी लेक. थोरला केरू. दोघं लहान असताना रावजी त्यांना लाकूड ओळखायला शिकवायचा. एकदा येसू त्या कललेल्या झाडावर चढली, त्याच्या पाठीवर पालथी पडली आणि कान लावून म्हणाली, "बाबा, याच्या पाठीत दोर आहे. ताणलेला आहे. कुरकुरतोय बघा."

रावजी आधी हसला. मग त्यानं कान लावला आणि हसायचा थांबला.

केरूनंही कान लावला. त्याला मुंग्यांखेरीज काही जाणवलं नाही. तरी तो म्हणाला, "हो, येतंय ऐकू." त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्या पोटात दुखलं.

पुढं ते दुखणं त्याच्याबरोबर वाढत गेलं. केरूच्या हातात तासणी गेली, की लाकडाचं लोणी व्हायचं. नांगर असो, पाळणा असो, देवळाचं दार असो, आजूबाजूच्या खोऱ्यांत त्याच्यासारखं काम कुणाचं नव्हतं. पण कुठलंही मोठं लाकूड अंगणात आलं, की रावजी हाक मारायचा, "येसू, बघ गो जरा." येसू पिठाचे हात पुसत यायची, लाकडावर हात फिरवायची, कुठं वास घ्यायची, कुठं बोटानं टकटक करायची, आणि म्हणायची, "याची फळी काढू नका. पीळ पडेल." पीळ पडायचाच. "केरूचा हात आणि येसूचा कान, एवढं असलं की माझं घर भरलं," असं रावजी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. केरूला त्यातलं 'येसूचा कान' तेवढंच ऐकू यायचं.

येसूचं लग्न झालं आणि ती पलीकडच्या खोऱ्यात गेली, तेव्हा सगळं घर रडलं. केरूही रडला. पण असं म्हणतात, डोळे पुसल्यावर त्याला अंगण एकदम मोठं वाटलं.

पुढं रावजीची नजर गेली, आणि त्याच सुमारास वाघजाईच्या पालखीचा जुना दांडा वाळवीनं पोखरला. गावकर, म्हणजे गावचे कारभारी, आणि मानकरी रावजीच्या ओटीवर आले. नवा दांडा घडवायचा मान याच घराचा होता. केरू कमरेला उपरणं बांधून तयारच बसला होता.

रावजी म्हणाला, "लाकूड कुठलं ते येसूला विचारा. गौरीला येईल ती माहेरी."

केरूनं मान खाली घातली. उपरण्याची गाठ त्याला सोडवता येईना.

गौरीला येसू आली. ती थेट त्या कललेल्या शिवणीकडे गेली. तिथं ओढ्यावर आडवी गेलेली एक लांब, सरळ, नितळ फांदी होती. तिच्या वरच्या अंगावर हात ठेवून ती म्हणाली, "हीच. पण दादा, तासायच्या वेळी मला बोलावणं धाड. कुठलं अंग कुठं ठेवायचं, ते मी सांगेन." आणि ती सासरी परत गेली.

थंडी पडली. फांदी तोडायचे दिवस आले. केरूची बायको सगुणा म्हणाली, "वन्संना बोलावणं कधी धाडायचं?"

"कशाला? सुतार मी, की ती?"

"सुतार तुम्हीच की. म्हणून तर सगळे तिला विचारतात," असं म्हणून सगुणानं कळशी कमरेवर घेतली आणि ती पाण्याला निघून गेली.

केरूनं कुणालाच बोलावणं धाडलं नाही. तो एकटा झाडावर चढला. फांदीच्या वरच्या अंगाला करवत लावली, तशी चीर आपोआप तोंड वासू लागली, जणू आतून कुणी लाकूड दोन्हीकडे खेचत होतं. केरूनं करवत मागं घेतली. तरी त्यानं फांदी उतरवली. घरी आणून तासायला घेतली, तर वरच्या अंगाचा भुसा भुश्यासारखा पडेना. लाकडाला पांढरी लव फुटली. करवतीच्या दातांत कापसासारखे पुंजके अडकले. त्याला वाटलं, हत्यारं बोथट झाली. त्यानं हत्यारांना धार लावली, पुन्हा तासलं, पुन्हा लोकर. मग त्यानं खरवतीची खरखरीत पानं घेतली आणि ती लव घासून घासून काढली. वरून तेल चोळलं. तेव्हा दांड्याचं वरचं अंग चांदीसारखं चमकलं.

आता नेरखोलच्या सुतारांचा एक नेम होता. हत्यार पहिल्यांदा हातात घेताना त्याची शपथ घ्यावी लागे. झाडावर जे अंग वर, ते घडवलेल्या वस्तूतही वर. जे खाली, ते खाली. उलटं लाकूड फक्त तिरडीला. केरूनं नेमाप्रमाणे चांदीचं अंग वर ठेवलं, त्यावर वाघाची दोन तोंडं कोरली आणि खाली पालखी अडकवायच्या खाचा पाडल्या.

दांडा पाहायला गाव लोटला. केरूला वाटलं, आता बाबाही बोलतील. रावजीनं दांड्यावरून हात फिरवला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग त्यानं विचारलं, "येसू आली होती ना?"

"बोलावलं होतं," केरू म्हणाला. "तिला जमलं नाही."

रावजीनं दांड्यावरचा हात काढून घेतला. केरूला तो दांडा तिथंच मोडून टाकावासा वाटला.

दांडा देवळाच्या मंडपात खुंट्यांवर ठेवला. ऊन तापू लागलं, लाकूड वाळू लागलं. आणि दांडा मधोमध खाली झुकू लागला. केरू रोज येऊन पाहायचा. आज थोडा, उद्या आणखी थोडा. त्यानं पुष्कळ लाकूड वाळताना पाहिलं होतं, पण ज्याला हात धरून सरळ केलं, ते असं डोळ्यांदेखत वाकताना कधी पाहिलं नव्हतं.

शिमग्याच्या तयारीला लोक मंडपात आले आणि हसू लागले. "केरू, दांड्याला पोट सुटलं की रे!" "देवीच्या आधी त्यानंच नैवेद्य खाल्ला वाटतं!"

केरूचे कान तापले. आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "मी सरळच तासला होता. येसूनं त्या फांदीला हात लावला होता. तिनंच काहीतरी केलंय."

एकदा निघालेला शब्द कुणाच्या ओंजळीत राहतो? तो ओट्यांवरून फिरला, पाणवठ्यावरून फिरला. झाडाशी बोलते म्हणे. कान लावून ऐकते म्हणे. लाकडातला पीळ तिला आधी कळतो, म्हणजे पीळ पाडते कोण? गावकरांनी निवाडा केला: शिमग्याला दांडा चालला नाही, तर येसूनं पुन्हा या गावात पाऊल टाकायचं नाही.

केरूनं ते ऐकलं. त्याला वाईट वाटायला हवं होतं. असं म्हणतात, त्याला झोप छान लागली.

शिमग्याचा दिवस आला. ढोल वाजले. पालखी दांड्याला अडकवली आणि भोयांनी खांद्यावर घेतली. नेरखोलची पालखी एकदा देवळातून उठली, की सहाणेवर, म्हणजे ओढ्यापलीकडच्या तिच्या चौथऱ्यावर, बसेपर्यंत मातीला टेकता कामा नये. टेकली, तर वर्ष वाईट जातं. पण दांडा इतका झुकला होता, की पालखीचा तळ पायरीला घासला. बायकांच्या तोंडून एकच किंकाळी निघाली. भोयांनी पालखी कशीबशी हातांवर तोलून पुन्हा मंडपात आणली.

तेवढ्यात ओढ्याच्या बाजूनं येसू आली. डोक्यावर टोपली, टोपलीत देवीची ओटी.

"तिथंच थांब," गावकर ओरडले.

येसू थांबली. तिनं दांड्याकडे पाहिलं, वरच्या चांदीकडे पाहिलं, मग भावाकडे पाहिलं. तिला सगळं कळलं.

"वहिनी," ती म्हणाली, "याची लोकर निघाली असेल. ठेवलीस का?"

सगुणानं ती चूल पेटवायला भरून ठेवली होती. ती धावत जाऊन घेऊन आली. येसूनं पुंजका तळहातावर घेतला, मांडीवर वळला आणि त्याची वात केली. गुरवानं बिचकत बिचकत निरांजन पुढं केलं. वात तेल प्यायली आणि लख्ख जळली.

"ही करणी नाही," येसू म्हणाली. "हा झाडाचा कापूस आहे. झाड कललं, की आपल्या पाठीत हा कापूस भरतं. बाकीच्या लाकडात चिकटा असतो, त्यानं ते ताठ उभं राहतं. इथं चिकटा कमी आणि दोरच फार. या दोरानं झाड स्वतःला वर ओढतं. फांदी तोडली, तरी दोराला ते ठाऊक नाही. वाळताना तो आखडतो आणि ओढतच राहतो."

आता दूरदूरच्या शहरांत भिंगाखाली हे लाकूड पाहतात, आणि तिथं शिकून आलेली मुलं गावात येऊन सांगतात, की येसू, जिला गाव आता येसाई म्हणतं, ती बोलली त्यात फार थोडं बदलावं लागतं. कललेल्या झाडाच्या वरच्या अंगाच्या तंतूंत आतून आणखी एक मऊ पांढरा थर चढतो. कापूस ज्या सेल्युलोजचा, जवळजवळ त्याच निव्वळ सेल्युलोजचा. लाकूड ताठ करणारं लिग्निन त्या थरात नावापुरतं. प्रत्येक तंतू ताणलेला, आणि असे असंख्य तंतू मिळून अख्खी फांदी उचलतात. ही मुलं हे सांगताना हात उंचावतात, आणि म्हातारी माणसं नुसती माना डोलवतात, कारण हे तर त्यांना ठाऊकच असतं.

तर येसू म्हणाली, "दादा, उलटा धर. दोर खाली जाऊ दे. मग हेच पोट कमान होईल."

मंडपात कुजबुज उठली. उलटं लाकूड? देवीला? केरूच्या शपथेचं काय?

केरू दांड्याजवळ उभा होता. सगळे त्याच्याकडे पाहत होते. त्यानं एवढं म्हणायचीच खोटी होती, की पाहा, आता देवीची तिरडी करायला सांगते आहे. एका वाक्यात काम झालं असतं. येसू ओढा ओलांडून गेली असती ती कायमची, आणि "येसू, बघ गो" ही हाक त्या अंगणात पुन्हा कधी उठली नसती. जन्मभर हवं होतं ते जिभेच्या टोकावर येऊन बसलं होतं.

येसू पुढं आली. तिनं कोरलेल्या वाघाच्या आयाळीवरून बोट फिरवलं, आणि फक्त त्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "तासलास मात्र असा, की मला सात जन्मांत जमला नसता."

केरूनं तोंड उघडलं. सगळ्यांनी कान दिले.

"बाबा," तो म्हणाला, "मी तिला बोलावलंच नव्हतं."

"माहीत आहे मला," रावजी मागून म्हणाला. "उचल आता. देवी ताटकळली आहे."

केरूनं एक टोक धरलं, येसूनं दुसरं. दोघा बहीणभावांनी मिळून दांडा उलटा केला. जुन्या खाचा आता वर गेल्या होत्या, म्हणून केरूनं किकरं, म्हणजे छिन्नी, घेऊन तिथल्या तिथं खालच्या अंगाला नव्या पाडल्या. पालखी अडकवली, भोयांनी खांदा दिला, आणि दांड्याची कमान आभाळाकडे उठली. असं म्हणतात, ढोल जसजसा चढत गेला, तसतसा दांडा आणखी आणखी वाकून उठत गेला. भोयांच्या खांद्यांना फुलाइतकंही ओझं वाटेना. शेवटी त्यांचे पाय जमिनीवरून सुटले, आणि पालखी ओढ्याच्या पाण्यावरून, पाण्याला न टेकता, पलीकडच्या सहाणेवर जाऊन बसली. आणि त्या घटकेला देवळामागचं कललेलं झाड कडकड वाजत सरळ उभं राहिलं.

केरूचा मत्सर त्या दिवशी संपला का? मुळीच नाही. लोक त्या दांड्याला "येसाईचा दांडा" म्हणू लागले, तसा तो चिडायचा. ओटीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा, "उलटवला तिनं. तासला कुणी?" येसू माहेरी आली, की मुद्दाम अंगणातून विचारायची, "दादा, कुणाचा रे दांडा?" आणि मग दोघं भांडत भांडत जेवायला बसायची. मात्र मोठं लाकूड अंगणात आलं, की आता हाक केरूच मारायचा.

आजही नेरखोलला शिमग्याच्या दिवशी पालखीचा दांडा आधी पोट खाली करून टांगलेला असतो. तो नुसत्या पुरुषांनी उतरवायचा नाही. एक टोक सुताराच्या घरची माहेरवाशीण धरते, दुसरं तिचा भाऊ. दोघांचं वर्षभर बोलणं नसलं, तरी त्या दिवशी धरावंच लागतं. निरांजनात वात असते ती कुठल्यातरी कललेल्या झाडाच्या लोकरीची. दांडा फिरतो, आणि बायका गर्जतात, "उलटवला कुणी? येसाईनं!"

मग पुरुषांकडून, त्याहून मोठ्यानं, घसा फुटेस्तोवर उत्तर येतं, "तासला कुणी? केरूनं!"

आणि ते उत्तर मोठं आल्याशिवाय वाघजाईची पालखी उठत नाही, असं म्हणतात.